राजाची नाडी, ग्रहांचा हिशेब

१६२८ साली रोममध्ये पोप आठवा अर्बन मरणार अशी बोलवा होती. त्या वर्षीची ग्रहणं त्याच्या पत्रिकेला घातक आहेत, असं ज्योतिषी सांगत होते आणि पुढचा पोप कोण याची गणितं मांडली जाऊ लागली होती. पोपला स्वतःलाही पत्रिका वाचता येत होती, त्यामुळे भीती जास्तच. त्याने तोम्मासो काम्पानेल्ला या डोमिनिकन साधूला बोलावलं. या माणसाने सत्तावीस वर्षं नेपल्सच्या कैदेत काढली होती आणि रोममध्येही तो चर्चच्या न्यायासनाच्या ताब्यातच होता. दोघांनी मिळून ग्रहशांती केली. तिचा विधी काम्पानेल्लाने लिहून ठेवला आहे. बाहेरची हवा आत येणार नाही अशी खोली बंद करायची. गुलाबाचा शिरका शिंपडायचा, लॉरेल आणि रोझमेरी जाळायची, पांढरी रेशमी वस्त्रं टांगायची. मग दोन मेणबत्त्या आणि पाच मशाली पेटवायच्या, म्हणजे सूर्य-चंद्र आणि पाच ग्रह झाले. बाहेरचं आकाश ग्रहणाने बिघडलं आहे, म्हणून खोलीत दुसरं निर्दोष आकाश मांडायचं. गुरू आणि शुक्राला मानवेल असं संगीत, त्यांचीच रत्नं, त्यांचेच सुगंध.

पोप वाचला. त्यानंतर तो आणखी सोळा वर्षं जगला. काम्पानेल्ला १६२९ मध्ये मोकळा झाला.

अशा गोष्टी वाचल्या की एक तर आपण हसतो, नाही तर ‘तो काळच तसा होता’ म्हणून सोडून देतो. मला दोन्ही पटत नाही. हसणारा विसरतो की ही मंडळी त्या काळातली सर्वांत शिकलेली होती. आणि काळावर ढकलणारा विसरतो की वैद्यकीय ज्योतिषाचा पोकळपणा दाखवून देणारा ग्रंथ १४९६ मध्येच छापून झाला होता. मग हे शास्त्र पुढची दीडशे वर्षं विद्यापीठांत आणि दरबारांत टिकलं कसं? माझं उत्तर असं की त्याचा खर्च उचलणाऱ्याला एकच प्रश्न पडलेला होता, ‘माझं काय होणार आणि कधी?’ आणि मिळालेलं उत्तर तो स्वतःजवळ ठेवत होता. आश्रयदात्याने विद्वानाचं पोट भरलं, पण विद्वानाच्या चुका मोजण्याची सोय केली नाही. या दुसऱ्या गोष्टीकडे इतिहास लिहिणाऱ्यांचं पुरेसं लक्ष गेलेलं नाही, असं मला वाटतं.

आधी हे शास्त्र काय होतं ते नीट पाहू, कारण ते वाटतं तितकं उथळ नव्हतं. माणसाच्या शरीरात रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त असे चार द्रव आहेत, आणि त्यांचा तोल गेला की रोग होतो, ही ग्रीक वैद्यकाची मांडणी. चंद्र समुद्राला भरती-ओहोटी आणतो हे डोळ्यांना दिसतं. मग शरीरातल्या द्रवांवर त्याचा परिणाम का होणार नाही? प्रश्न रास्त होता. गॅलेन या प्राचीन ग्रीक वैद्याने तापाचे ‘निर्णायक दिवस’ सांगितले होते, सातवा, चौदावा, विसावा. त्यांची सांगड चंद्राच्या गतीशी घातली गेली. बारा राशी शरीरावर वाटून दिल्या गेल्या, मेष डोक्याला, मीन पावलांना. चंद्र ज्या राशीत असेल त्या अवयवाला त्या दिवशी शस्त्र लावायचं नाही. रक्तमोक्षण हा तेव्हाचा सार्वत्रिक उपचार, त्यामुळे कोणत्या दिवशी रक्त काढावं हा वैद्याच्या रोजच्या कामाचा प्रश्न होता. युरोपात छपाई सुरू झाली त्या अगदी पहिल्या वर्षांतच, माइन्झ शहरात, १४५७ या वर्षासाठीचं रक्तमोक्षणाचं आणि रेचकाचं कॅलेंडर छापलं गेलं.

विद्यापीठांतही याला मानाचं पान होतं. बोलोन्या विद्यापीठाच्या १४०५ च्या नियमांनुसार ज्योतिषाच्या प्राध्यापकाने दरवर्षी त्या वर्षाचं भाकीत लिहून द्यायचं आणि विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना फुकट उत्तरं द्यायची. त्याच बोलोन्यात पुढे दोमेनिको मारिया नोवारा हा प्राध्यापक अशी वार्षिक भाकितं लिहायचा, आणि त्याच्या हाताखाली आकाशाची निरीक्षणं करायला शिकलेल्या विद्यार्थ्याचं नाव होतं निकोलस कोपर्निकस. वैद्याला ग्रहगणित यायला हवं, म्हणून ग्रहगणिताच्या जागा निर्माण झाल्या. खगोलशास्त्राचं घर बरेच दिवस वैद्यकाच्या गरजेवर चाललं, हे मान्य करायलाच हवं.

आता आश्रयाकडे वळू, आणि त्यासाठी फ्लोरेन्सला जाऊ. मार्सिलियो फिचिनो हा कोसिमो दे मेदिची या फ्लोरेन्सच्या सत्ताधारी सावकाराच्या वैद्याचा मुलगा, जन्म १४३३ चा. कोसिमोने त्याच्यातली चमक ओळखून त्याला करेज्जीजवळ एक घर दिलं, प्लेटोचं ग्रीक हस्तलिखित दिलं आणि सगळा प्लेटो लॅटिनमध्ये आणायला सांगितलं. काम सुरू झालं न झालं तोच दुसरा हुकूम आला. हर्मिस या प्राचीन ज्ञानी पुरुषाच्या नावावरची हस्तलिखितं हाती आली होती, तेव्हा प्लेटो बाजूला ठेव आणि आधी हे कर. कोसिमो सत्तरीला पोहोचला होता, मरण्याआधी त्याला हे वाचायचं होतं. फिचिनोने १४६३ मध्ये काही महिन्यांत ते भाषांतर पुरं केलं. १४६४ च्या उन्हाळ्यात कोसिमो अंथरुणाला खिळला तेव्हा फिचिनो त्याला प्लेटोचे संवाद वाचून दाखवत होता. एका म्हाताऱ्या सावकाराच्या उरलेल्या आयुष्याने युरोपच्या विद्येचा क्रम ठरवला. हर्मिसच्या त्या ग्रंथांतून पुढे ग्रहशक्ती, ताईत आणि गूढविद्येचं केवढं तरी वाङ्मय निघालं, त्यामुळे हा क्रम क्षुल्लक नव्हता.

याच फिचिनोने १४८९ मध्ये जीवनाविषयीचे तीन ग्रंथ एकत्र छापले. पहिला विद्वानांच्या प्रकृतीविषयी, दुसरा दीर्घायुष्याविषयी, तिसरा आकाशातून जीवनशक्ती कशी मिळवावी याविषयी. फिचिनोच्या स्वतःच्या लग्नी शनी होता, आणि आपल्या उदासीचं कारण तो तिथे शोधत असे. बैठं काम, रात्रीचं जागरण, सततचं चिंतन यांनी काळं पित्त वाढतं आणि विद्वान खिन्न होतो. त्यावर त्याने सूर्याचे आणि गुरूचे पदार्थ सुचवले, केशर, मध, दालचिनी, सोनं, शिवाय मोकळ्या हवेत फिरणं आणि संगीत. यातल्या अर्ध्या गोष्टी आजही डॉक्टर सांगेल. पुस्तक वाचताना या माणसाविषयी जिव्हाळा वाटतो. तो खरोखर दुःखी आहे आणि आपल्यासारख्याच दुसऱ्या वाचनवेड्यांना मदत करू पाहतो आहे.

पण अर्पणपत्रिका पाहा. एकूण ग्रंथ कोसिमोचा नातू लोरेन्झो दे मेदिची याला, त्यातला तिसरा भाग हंगेरीचा राजा मात्यास कॉर्व्हिनस याला. आणि मजकूर पाहा. ताइतांपर्यंत आल्यावर फिचिनो म्हणतो की मी याचं समर्थन करत नाही, फक्त सांगतो आहे. राजाला हवं ते सगळं पानावर आहे, आणि चर्चने विचारलं तर द्यायचं उत्तरही पानावर आहे. १४९० मध्ये रोममध्ये त्याच्यावर तक्रार झालीच, वजनदार मित्रांनी त्याला त्यातून सोडवलं. मी फिचिनोला लबाड म्हणत नाही. पण हे खरं आहे की नाही, हा प्रश्न त्याला शेवटपर्यंत सरळ विचारता आला नाही, कारण तो विचारण्यासाठी त्याला कोणी नेमलेलंच नव्हतं.

वैद्यासाठी तर ज्योतिष हे संरक्षणही होतं. एप्रिल १४९२ मध्ये लोरेन्झो करेज्जीला वारला. त्याच्या शेवटच्या दिवसांत मिलानहून पाठवलेल्या वैद्याने मोती आणि रत्नांचं चूर्ण करून औषध दिलं होतं. लोरेन्झोचा नेहमीचा वैद्य पिएरो लिओनी लगेच नंतर एका विहिरीत मेलेला सापडला. त्याने जीव दिला की त्याला ढकललं, याचा निकाल कधी लागला नाही. ज्याचा रोगी राजा आहे, त्या वैद्याची मान रोग्याच्या श्वासाला बांधलेली असते. अशा माणसाला ‘काळ वाईट होता, शनी आठवा होता’ असं म्हणण्याची सोय लागते. उपाय फसला तर दोष आकाशाचा, लागू पडला तर गुण वैद्याचा. शास्त्राच्या आत अशी पळवाट बांधलेली असली की ते कधीच हरत नाही, आणि जे हरत नाही ते सुधारत नाही.

मिलानमध्ये हे आणखी उघडपणे दिसतं. तिथला सत्ताधारी लुदोविको स्फोर्झा याचा वैद्य आणि ज्योतिषी एकच, आम्ब्रोज्यो वारेसी. नाडी पाहणारा तोच आणि मुहूर्त काढणारा तोच. लुदोविकोने त्याला रोझाते या गावाची जहागीर देऊन काउंट केलं. एवढं कशासाठी? कारण राज्यकर्त्याचं आजारपण ही राजकीय बातमी असते. तो किती जगणार हे ज्याला आधी कळेल तो आधी फौज हलवेल. शेजारच्या राजाची जन्मवेळ मिळवणं ही हेरगिरीच होती. म्हणून राजवैद्याचं ज्ञान मुळातच गुपित होतं. ते चार विद्वानांसमोर ठेवून ‘माझं कुठे चुकलं ते सांगा’ असं म्हणणं म्हणजे राजद्रोह.

रोमचा शेवटचा अंकही हेच सांगतो. १५८६ मध्ये पोप पाचव्या सिक्स्टसने भविष्यकथनावर बंदी घातली, पण शेती, नौकानयन आणि वैद्यक यांच्यापुरतं ज्योतिष वगळलं. म्हणजे वैद्यकीय ज्योतिष अंधश्रद्धेच्या बाहेर आहे असा चर्चचा अधिकृत शिक्काच झाला. पुढे १६३० मध्ये सांता प्रासेदे मठाचा प्रमुख ओराझिओ मोरान्दी याला अटक झाली, कारण पोप अर्बन लवकरच मरणार हे भाकीत त्याच्या गोतावळ्यातून फिरलं होतं. तो वर्षाअखेरीआधीच तुरुंगात मेला. १६३१ मध्ये अर्बनने पोप आणि त्याच्या नातलगांच्या मृत्यूची भाकितं करणाऱ्यांना जबर शिक्षा देणारा फतवा काढला. तीन वर्षांपूर्वी स्वतः मशालींचं आकाश मांडून बसलेल्या माणसाचा हा फतवा. ज्योतिष खोटं आहे म्हणून त्याने हे केलं नाही. ते दुसऱ्याच्या हाती लागतं आहे, हे त्याला खुपत होतं.

वैद्यकीय ज्योतिषाची सगळी शक्ती आणि सगळी दुर्बलता एकाच माणसात पाहायची तर जिरोलामो कार्दानो पाहावा. उत्तम गणिती, नावाजलेला वैद्य. १५५२ मध्ये सेंट अँड्र्यूजचा आर्चबिशप जॉन हॅमिल्टन याला दम्याने जीव नकोसा झाला होता, म्हणून कार्दानोला मिलानहून थेट एडिंबरोला नेलं. त्याने घाई केली नाही. आठवडेच्या आठवडे रोग्याजवळ राहून त्याचं खाणं, झोपणं, काम पाहिलं. मग पिसांची गादी आणि उशी काढून टाकायला सांगितली, आहार बदलला, झोप आणि विश्रांतीची शिस्त लावली. आर्चबिशपला उतार पडला. पुढे तो १५७१ मध्ये फाशी गेला, पण दम्याने मेला नाही. परतताना कार्दानो लंडनला थांबला. तिथे पंधराव्या वर्षात असलेला राजा सहावा एडवर्ड. कार्दानोने त्याची पत्रिका मांडली आणि पंचावन्न वर्षं, तीन महिने, सतरा दिवसांचं वय झाल्यावर त्याला कोणते आजार गाठतील इथपर्यंत भाकीत केलं. एडवर्ड जुलै १५५३ मध्ये, सोळावं पूर्ण होण्याआधीच वारला.

कार्दानोने १५५४ मध्ये ही फसलेली पत्रिका स्वतःच छापली, शेजारी आपलं स्पष्टीकरणही दिलं. त्याच्या धैर्याचं मला कौतुक आहे, कारण दरबारी ज्योतिष्यांत असं करणारे फार थोडे. पण स्पष्टीकरण काय, तर पत्रिकेला पुरेसा वेळ दिला नाही, आणखी पुष्कळ तास बसायला हवं होतं. शिवाय राजाचा मृत्यू सांगणं धोक्याचं असतं. एकाच प्रवासात, एकाच माणसाने दोन रोगी पाहिले. एकाजवळ बसून त्याने श्वास ऐकला आणि श्वासानेच त्याला बरोबर-चूक सांगितलं. दुसऱ्याचे ग्रह पाहिले, आणि ग्रहांनी त्याला काहीच सांगितलं नाही, तरी त्यांच्यावरचा त्याचा विश्वास हलला नाही.

मग मोजलं कोणी? जिओव्हान्नी पिको, मिरान्दोलाचा काउंट. हा फिचिनोचा स्नेही. त्याचा ज्योतिषावरचा खंडनग्रंथ १४९४ मध्ये त्याच्या अकाली मृत्यूमुळे अपुरा राहिला आणि १४९६ मध्ये बोलोन्यात छापला गेला. ग्रंथात तत्त्वचर्चा भरपूर आहे, पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो एक छोटा उतारा. एका हिवाळ्यात पिकोने भाकितांचं पत्रक समोर ठेवून रोजचं हवामान टिपलं. १३० हून अधिक दिवसांत सहा-सात दिवस जुळले. बस, एवढंच. वही, पेन आणि खिडकी. हे करायला कोणतीही विद्या लागत नव्हती. बोलोन्याच्या कोणत्याही विद्यार्थ्याला ते जमलं असतं. ते पिकोने केलं, आणि पिकोला घरचं उत्पन्न होतं. सावोनारोला या फ्लोरेन्सच्या कडव्या धर्मोपदेशकाच्या धर्मनिष्ठेचा त्याच्यावर प्रभाव होता, ज्योतिषाला त्याच्या विरोधामागे तेही कारण होतं, हे दडवण्यात अर्थ नाही. पण ज्याची भाकरी भाकितावर अवलंबून नव्हती तोच दिवस मोजत बसू शकला, हा मला योगायोग वाटत नाही.

मराठी वाचकाला इथे २००८ मधली चाचणी आठवेल. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांनी शंभर हुशार आणि शंभर बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पत्रिका गोळा केल्या, जाहीर आवाहन केलं आणि प्रत्येक ज्योतिष्याला चाळीस पत्रिका पाठवल्या. सत्तावीस जणांनी उत्तरं दिली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तरी एवढं जमलं असतं. पिकोच्या खिडकीतलीच ही रीत, आणि ती आपल्याकडे झाली याचा मला अभिमान आहे. मुहूर्त पाहून सिझेरियनची वेळ ठरवणारी कुटुंबं आजही आहेत, तेव्हा ही चाचणी जुन्या भांडणाची उजळणी नव्हती.

यावर एक सबळ आक्षेप येतो. आश्रय नसता तर काहीच नसतं. मेदिचींनी पैसा दिला नसता तर प्लेटो लॅटिनमध्ये आला नसता. सम्राट रुडॉल्फने आधी टायको ब्राहे आणि मग केपलर यांना पदरी ठेवलं नसतं तर ग्रहगतीचे नियम निघाले नसते. केपलरचा पगार इतका थकला की १६३० मध्ये तो मेला तेव्हा सुमारे १२ हजार गिल्डर येणं होतं, पण तो पदरी होता म्हणूनच टायकोची निरीक्षणं त्याच्या हाती आली. हे सगळं मला मान्य आहे. आश्रय बंद करा असं मी म्हणतच नाही.

पण कोणत्या आश्रयातून टिकाऊ काही निघालं ते नीट पाहा. गॅलिलिओ आणि मेदिची घराणं घ्या. १६०९ च्या सुरुवातीला ग्रँड ड्यूक फर्दिनांदो आजारी होता आणि त्याच्या पत्नीच्या सांगण्यावरून गॅलिलिओने त्याची पत्रिका तपासली. काही आठवड्यांत ड्यूक वारला. पुढच्या वर्षी गॅलिलिओने गुरूचे चार चंद्र शोधले, त्यांना मेदिचींचं नाव दिलं आणि अर्पणपत्रिकेत नव्या ड्यूकच्या जन्मावेळी गुरू कसा माथ्यावर होता याचं गुणगान केलं. त्याला वर्षाला १००० स्कूदी पगार मिळाला, शिकवण्याची सक्ती नाही. आश्रयदातं घराणं तेच, विद्वान तोच, खुशामतही तीच. पण पत्रिका ड्यूकच्या घरात राहिली आणि चंद्र छापले गेले. ज्याच्याकडे बरी दुर्बीण होती त्याला ते स्वतः पाहता आले, खोटे असते तर वर्षभरात उघडे पडले असते. फरक पैशात नव्हता. उत्तर कोणाच्या मालकीचं, यात होता.

आणि हे फक्त राजांपुरतं नव्हतं. लंडनमध्ये सायमन फॉर्मन आणि बकिंगहॅमशरमध्ये त्याचा शिष्य रिचर्ड नेपियर या ज्योतिषी-वैद्यांनी १५९६ ते १६३४ या काळात सुमारे ८० हजार सल्ल्यांची नोंद ठेवली. रोग्याचं नाव, वय, प्रश्न विचारला ती घटका, कुंडली, सगळं पानोपानी. रोग्यांत सरदारही होते आणि मोलकरणीही. एवढी सामग्री त्या काळात दुसऱ्या कोणा वैद्याजवळ क्वचितच असेल. पण पुढे रोग्याचं काय झालं, हे या वह्यांत क्वचितच सापडतं, आणि किती बरे झाले याची बेरीज तर कोणी केलीच नाही. पैसे देणाऱ्याला त्याचं उत्तर त्या घटकेला मिळत होतं. बेरजेसाठी पैसे देणारा कोणी नव्हता.

आज संशोधनाचा खर्च कोणी उचलावा, सरकारने की उद्योगांनी की देणगीदारांनी, यावर आपल्याकडे वाद चालू असतो. मला तो वाद अर्धाच वाटतो. कंपनीने पैसे दिले म्हणून औषधाची चाचणी वाईट होत नाही आणि सरकारने दिले म्हणून चांगली होत नाही. फसलेली चाचणी कपाटात जाते की लोकांसमोर येते, हे विचारायला हवं. भारतात औषधचाचण्यांची आगाऊ नोंदणी २००९ पासून सक्तीची आहे, म्हणजे चाचणी सुरू होण्याआधीच यश कशाला म्हणायचं ते लिहून द्यावं लागतं. कार्दानोला एडवर्डच्या पत्रिकेनंतर जी पळवाट मिळाली ती इथे बुजवलेली आहे. पण नोंदणी हा अर्धाच रस्ता. आयुर्वेद असो, अ‍ॅलोपॅथी असो की सरकारी पैशावर चाललेलं आणखी कुठलं संशोधन, नोंदलेल्या प्रत्येक चाचणीचा निकाल, फसलेलासुद्धा, ठरलेल्या मुदतीत जाहीर झाला पाहिजे, आणि जी संस्था तो जाहीर करणार नाही तिचं पुढचं अनुदान थांबलं पाहिजे.